जगभर खनिजशोधावर होणारा खर्च: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जमिनीखाली काय आहे हे शोधण्यासाठी जगातल्या खाण कंपन्या वर्षाला साधारण १२ ते १३ अब्ज डॉलर बाजूला काढतात. रुपयांत मोजले तर एक लाख कोटींच्या आसपास. या आकड्याची बातमी दरवर्षी येते आणि दोन दिवसांत विसरली जाते. पण मोबाइलमधले तांबे, गाडीच्या बॅटरीतले लिथियम, गळ्यातले सोने यांचा पुढच्या वीस वर्षांचा पुरवठा याच पैशावर ठरतो, म्हणून हा आकडा नीट वाचायला शिकले पाहिजे. भूशास्त्राचे विद्यार्थी, खाण कंपन्यांचे शेअर घेणारे आणि नुसत्या कुतूहलाने विचारणारे वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे इथे दिली आहेत.

खनिजशोध म्हणजे नेमके काय? हा पैसा जातो कुठे?

सुरुवात नकाशापासून होते. भूशास्त्रज्ञ डोंगर-नाले पालथे घालतात, ओढ्यांतली माती आणि खडकांचे तुकडे गोळा करून प्रयोगशाळेत पाठवतात, विमानातून चुंबकीय सर्वेक्षण करतात. एखाद्या जागी काही वेगळे दिसले की ड्रिलिंग यंत्र येते, आणि खरा खर्च तिथून सुरू होतो. हिऱ्याचे दात बसवलेली पोकळ नळी शेकडो मीटर खाली जाते आणि दगडाचा लांब गाभा वर काढते. या गाभ्याला सगळे कोअरच म्हणतात. तो पेट्यांत ओळीने मांडायचा, मीटर-मीटरची नोंद करायची, उभा कापून अर्धा तपासणीला पाठवायचा आणि अर्धा जपून ठेवायचा. शिवाय रस्ता, तंबू, डिझेल, पाणी, आणि दुर्गम भागात हेलिकॉप्टर.

खाण खणण्याचा, कारखान्याचा किंवा रेल्वेमार्गाचा खर्च यात धरत नाहीत. हा फक्त शोधाचा खर्च आहे, आणि बहुतेक वेळा त्यातून हाती येतो तो साधा दगड.

जगाचा हा आकडा मोजतो कोण?

सर्वाधिक वापरला जातो तो एस अँड पी ग्लोबल मार्केट इंटेलिजन्स या बाजाराची माहिती पुरवणाऱ्या कंपनीचा आकडा. या मालिकेचे मूळ कॅनडातल्या हॅलिफॅक्स शहरातल्या मेटल्स इकॉनॉमिक्स ग्रुप या संस्थेत आहे. ती पुढे एसएनएल या कंपनीकडे आणि तिथून एस अँड पीकडे गेली. दरवर्षी कंपन्यांची शोधासाठीची बजेटे गोळा करून बेरीज केली जाते.

यात दोन गोष्टी निसटतात. एक, ही बजेटे आहेत, म्हणजे ठरवलेला खर्च. दुसरी, लोहखनिज, कोळसा, ॲल्युमिनियम, तेल आणि वायू यांचा शोध यात नसतो. त्यामुळे गोव्यातले लोहखनिज, गडचिरोलीतल्या सुरजागडचे लोहखनिज किंवा चंद्रपूरचा कोळसा या आकड्यात शोधू नका. ऑस्ट्रेलियाचे सांख्यिकी कार्यालय दर तिमाहीला प्रत्यक्ष झालेला खर्च जाहीर करते आणि त्यात लोहखनिज व कोळसाही येतो. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त ते एका तक्त्यात शेजारी मांडले की गोंधळ होतो. मराठी वृत्तपत्रांतल्या बातम्यांत असे झालेले मी पाहिले आहे.

गेल्या तीस वर्षांत खर्च कसा चढला आणि उतरला?

घाटातल्या रस्त्यासारखा. १९९७ साली बजेट ५ अब्ज डॉलरच्या थोडे वर होते. मग आशियाई आर्थिक संकट आले, सोने औंसाला ३०० डॉलरच्या खाली घसरले आणि २००२ पर्यंत सगळे मिळून जेमतेम २ अब्ज उरले. त्या काळात कित्येक भूशास्त्रज्ञांनी पेशाच बदलला.

त्यानंतर चीनने तांबे, निकेल, जस्त अशा अफाट प्रमाणात विकत घ्यायला सुरुवात केली की बाजार त्याला पुरा पडेना. २००८ पर्यंत बजेट १३ ते १४ अब्जांवर गेले. त्याच वर्षी शरद ऋतूत अमेरिकेतल्या बँका कोसळल्या आणि २००९ मध्ये हा आकडा एका फटक्यात ८ अब्जांच्या आसपास आला. पण चीनची मागणी थांबली नव्हती. २०११ मध्ये सोने १,९०० डॉलरला पोचले आणि २०१२ साली शोधाच्या खर्चाने २० अब्जांची रेघ ओलांडली. तो आजवरचा उच्चांक आहे.

मग पुन्हा उतार. २०१३ मध्ये सोन्याने एका वर्षात चतुर्थांशाहून अधिक किंमत गमावली. महागड्या खरेद्यांनी कर्जात बुडालेल्या मोठ्या कंपन्यांनी पहिली कात्री शोधावर चालवली. २०१६ ला सगळा खर्च ७ अब्जांच्या आसपास होता. चार वर्षांत दोनतृतीयांश पैसा नाहीसा झाला होता.

पुढे खर्च थोडा सावरला. २०२० मध्ये कोविडमुळे थोडी घट झाली, २०२१ मध्ये जवळपास ३५ टक्क्यांची उसळी आली, २०२२ मध्ये आकडा १३ अब्जांवर पोचला. २०२३ आणि २०२४ मध्ये दर वर्षी साधारण ३ टक्के घट होऊन तो साडेबारा अब्जांवर आला, आणि २०२५ मध्येही तिथेच रेंगाळला.

महागाई धरली तर चित्र बदलते का?

खूप बदलते. २०१२ चे २० अब्ज अमेरिकेतल्या महागाईच्या हिशेबाने आजच्या २८ अब्जांच्या बरोबरीचे होतात. म्हणजे आजचा खर्च तेव्हाच्या निम्म्याहूनही कमी आहे. त्यात ड्रिलिंगचा दर, डिझेल, मजुरी सगळे महागले आहे आणि उथळ साठे बहुतेक सापडून गेल्यामुळे आता अधिक खोल जावे लागते. डॉलर तेवढेच दिसले तरी मीटर कमी पडतात. शक्य असेल तेव्हा वर्षाला किती मीटर ड्रिलिंग झाले ते पाहा, त्यावरून खरे काम कळते.

भाव चढले की शोध वाढतो आणि भाव पडले की थांबतो. हे उलटे नाही का?

उलटेच आहे. आज सुरू केलेल्या शोधातून धातू निघायला पंधरा-वीस वर्षे लागतात. त्यामुळे आजचा भाव हा त्या निर्णयाचा आधार असूच नये. तरीही दर वेळी तेच घडते, कारण पैसा ज्यांच्या हातात आहे त्यांना आजचाच भाव दिसतो. मोठ्या कंपनीच्या संचालकांना नफा घटला की भागधारकांना तोंड द्यावे लागते, आणि शोधाचे बजेट कापले तर त्या वर्षी एक टनही उत्पादन कमी होत नाही. परिणाम दिसेपर्यंत ते संचालक निवृत्त झालेले असतात. छोट्या कंपन्यांकडे तर उत्पन्नच नसते. त्या शेअर विकून पैसा उभा करतात, आणि बाजार पडला की कोणी शेअर घेत नाही.

आपल्याकडे याला तहान लागल्यावर विहीर खणणे म्हणतात. फरक इतकाच की विहिरीला चार-सहा महिने पुरतात आणि खाणीला पिढी लागते. माझ्या मते या उद्योगाचा सर्वांत मोठा दोष हाच आहे, आणि एखाद्या वर्षी बजेट वाढले म्हणून तो सुधारला असे समजू नये.

ज्युनिअर कंपन्या म्हणजे कोण?

ज्यांच्याकडे खाण नाही, फक्त शोधाचा परवाना, मूठभर भूशास्त्रज्ञ आणि लोकांनी शेअरमध्ये गुंतवलेला पैसा आहे अशा छोट्या कंपन्या. त्यांचे दोन मोठे अड्डे म्हणजे कॅनडातले टोरांटोचे बाजार आणि ऑस्ट्रेलियाचा शेअर बाजार. कॅनडात एक खास सोय आहे. कंपनीने शोधावर केलेल्या खर्चाची करसवलत ती आपल्या भागधारकांना देऊ शकते. मोठ्या उत्पन्नाच्या माणसाला त्यामुळे कर वाचवण्यासाठी अशा कंपनीत पैसा घालणे परवडते. कॅनडात इतका शोध होतो त्यामागे खडकाइतकाच हा कायदाही आहे. २०२२ मध्ये महत्त्वाच्या खनिजांच्या शोधासाठी ३० टक्क्यांची वेगळी करसवलतही तिथे सुरू झाली.

२०२२ नंतर व्याजदर चढले तसा या कंपन्यांचा पैसा आटला. २०२३ आणि २०२४ ची घट मुख्यतः तिथूनच आली.

सर्वाधिक पैसा कशाच्या शोधावर जातो?

सोन्यावर, आणि तेही निम्म्याच्या आसपास. २०२३ मध्ये सोन्याचे बजेट ६ अब्जांच्या जवळ होते, तांब्याचे ३ अब्जांच्या थोडे वर. वीज, गाड्या, तारा, पवनचक्क्या या सगळ्यांना तांबे लागते, तरीही सोन्यावर त्याच्या दुप्पट खर्च होतो हे अनेकांना पटत नाही. कारण व्यवहाराचे आहे. सोन्याचा छोटा साठाही परवडतो, धातू खाणीवरच ओतून विमानाने नेता येतो आणि गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. तांब्याचा साठा प्रचंड हवा, त्याला अब्जावधींचा कारखाना, पाणी, रस्ता, बंदर लागते. छोट्या कंपनीच्या ते आवाक्याबाहेर असते.

लिथियमची गोष्ट याहून शिकवणारी आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात चीनमध्ये लिथियम कार्बोनेटचा भाव टनाला ६ लाख युआनच्या घरात गेला. २०२३ मध्ये लिथियमच्या शोधाचे बजेट ७७ टक्क्यांनी वाढले. तोपर्यंत भाव घसरू लागला होता आणि २०२४ मध्ये तो १ लाख युआनच्या खाली गेला. ठरलेली बजेटे तरी त्या वर्षी वाढतच राहिली आणि २०२५ मध्ये आपटली. भावाच्या मागे बजेट साधारण वर्षभराने धावते, हे इतके स्पष्ट क्वचितच दिसते. निकेलचे दुखणे वेगळे आहे. इंडोनेशियाने बाजार भरून टाकला आणि बीएचपीसारख्या बलाढ्य खाण कंपनीलाही २०२४ च्या ऑक्टोबरात पश्चिम ऑस्ट्रेलियातला निकेलचा कारभार थांबवावा लागला. अशा बाजारात नवे निकेल शोधायला पैसा देणार कोण? युरेनियमचे बजेट मात्र वाढते आहे, कारण अणुऊर्जेकडे पुन्हा देश वळत आहेत.

कोणत्या देशांत?

लॅटिन अमेरिका (चिली, पेरू, अर्जेंटिना, ब्राझील, मेक्सिको), कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया मिळून निम्म्याहून अधिक पैसा घेऊन जातात. अमेरिकेत नेवाडा पुढे आहे. आफ्रिकेत खडक उत्तम असूनही क्षेत्रफळाच्या मानाने पैसा थोडा जातो. सौदी अरेबियाने अलीकडे कायदे बदलून शोध कंपन्यांना बोलवायला सुरुवात केली आहे.

इतका खर्च होऊनही मोठे नवे साठे का सापडत नाहीत?

मला वाटते, या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

१९९० च्या दशकाच्या मध्यात शोधाच्या पैशाचा निम्मा हिस्सा कोऱ्या जमिनीवर जायचा, म्हणजे जिथे आधी कोणालाच काही सापडलेले नाही अशा ठिकाणी. आता तो चतुर्थांशाच्याही खाली आला आहे. उरलेला पैसा चालू खाणींच्या भोवती आणि आधीच माहीत असलेल्या साठ्यांवर खर्च होतो. हिशेबनिसाला ते बरोबर वाटते. खाणीशेजारी आणखी दोन वर्षांचे खनिज सापडले तर कारखाना तयारच आहे. पण तो घरातलाच डबा खरवडण्याचा प्रकार आहे. १९९० पासून सापडलेल्या तांब्याच्या मोठ्या साठ्यांची यादी एस अँड पी ठेवते. त्यात दोनशेहून अधिक नावे आहेत आणि गेल्या दहा वर्षांतली फारच थोडी.

कोऱ्या जमिनीवर काय मिळू शकते हे पाहायचे तर पश्चिम ऑस्ट्रेलियातले हेमी पाहा. पोर्ट हेडलँडजवळ वाळूच्या थराखाली सोने दडले होते, वरून काहीच दिसत नव्हते. डी ग्रे मायनिंग या छोट्या कंपनीने २०१९ च्या अखेरीस तिथे बोअर घेतले. तेव्हा तिचा शेअर काही सेंटांना मिळायचा. २०२५ मध्ये नॉर्दर्न स्टार या मोठ्या सोने कंपनीने डी ग्रे सुमारे ५ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरला विकत घेतली. चिली-अर्जेंटिनाच्या सीमेवर फिलो देल सोल इथे २०२१ मध्ये एका बोअरमध्ये सलग ८५८ मीटर तांबे-सोने-चांदीचे खनिज लागले, आणि २०२५ च्या सुरुवातीला बीएचपी व लुंडिन मायनिंग यांनी मिळून तिथे शोध घेणारी फिलो ही छोटी कंपनी घेतली. मोठ्या कंपन्या स्वतः शोधण्याऐवजी सापडलेले विकत घेणे पसंत करतात. पण शोधणारा छोटाच उपाशी राहिला तर विकत घ्यायला तरी काय उरणार?

साठा सापडल्यापासून खाण सुरू व्हायला किती वर्षे लागतात?

अलीकडच्या खाणींची सरासरी पंधरा वर्षांच्या पुढे आहे. मंगोलियातल्या ओयू तोल्गोईचे उदाहरण घ्या. बीएचपीने ती जागा तपासून सोडून दिली होती. आयव्हॅनहो कंपनीला तिथे २००१ मध्ये मोठा साठा लागला. उघड्या खाणीतून उत्पादन २०१३ मध्ये सुरू झाले, आणि ज्या खोल, समृद्ध भागासाठी सगळा आटापिटा होता तिथून २०२३ मध्ये. शोध लागला तेव्हा पहिलीत असलेले मूल तोवर इंजिनीअर होऊन नोकरीत स्थिरावले असेल.

परवाने, कर्ज, सरकारशी करार यांत वर्षे जातात. लोकांची संमतीही आता टाळता येत नाही, आणि ती टाळू नयेच. २०२० मध्ये रिओ टिंटोने ऑस्ट्रेलियात जुकान घळीतल्या, तिथल्या आदिवासींना पवित्र असलेल्या हजारो वर्षे जुन्या गुहा सुरुंगाने उडवल्या. त्या कंपनीच्या प्रमुखाला पद सोडावे लागले. २०२३ मध्ये पनामात रस्त्यावर उतरलेल्या जनतेच्या आंदोलनानंतर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका प्रचंड तांब्याच्या खाणीचा करार घटनाबाह्य ठरवला आणि खाण बंद पडली. जमीन ज्यांची आहे त्यांच्याशी पहिल्या बोअरच्या आधी बोलायला हवे.

शोधाच्या नावाखाली फसवणूक होते का?

झाली आहे, आणि तिने सगळा उद्योग बदलला. ब्रे-एक्स ही कॅनडातली छोटी कंपनी. इंडोनेशियात बुसांग इथे जगातला एक सर्वांत मोठा सोन्याचा साठा सापडल्याचे तिने सांगितले आणि तिची बाजारकिंमत ६ अब्ज कॅनेडियन डॉलरपर्यंत गेली. १९९७ मध्ये स्वतंत्र तपासणीत कळले की तिथे सोनेच नव्हते, नमुन्यांत ते बाहेरून मिसळले होते. सामान्य लोकांची निवृत्तीची पुंजी त्यात बुडाली. त्यानंतर २००१ मध्ये कॅनडाने कडक नियम आणले. साठ्याचा दावा आता जबाबदार तज्ज्ञाच्या सहीशिवाय करता येत नाही. तुम्ही अशा कंपनीचा शेअर घेणार असाल तर तो तांत्रिक अहवाल आधी वाचा, निदान सही कोणाची आहे आणि ती व्यक्ती कंपनीपासून स्वतंत्र आहे का एवढे तरी बघा.

भारत यात कुठे आहे?

आपल्याकडे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण १८५१ पासून आहे, जगातल्या जुन्या सर्वेक्षणांपैकी एक. पण शोध हे बहुतांशी सरकारचेच काम राहिले. २०१५ च्या कायद्याने खाणपट्टे लिलावाने द्यायला सुरुवात झाली. त्याने मनमानी वाटप थांबले हे चांगले झाले. मात्र ज्याने शोधले त्याला खाण मिळण्याची खात्री उरली नाही, मग खासगी कंपनीने स्वतःचा पैसा दगडात का घालावा? त्याच कायद्याने राष्ट्रीय खनिज शोध न्यासही उभा केला. खाणपट्टेदार रॉयल्टीच्या २ टक्के रक्कम त्यात भरत आले आणि त्यातून शोधाला पैसा मिळतो. २०२५ च्या दुरुस्तीने हा हिस्सा ३ टक्के केला आहे.

२०२३ च्या दुरुस्तीने तांबे, सोने, लिथियम यांच्यासह २९ खनिजांसाठी शोध परवाना आणला. पुढे त्या जागेचा लिलाव झाला की शोधणाऱ्याला त्यातून हिस्सा मिळेल. अशा परवान्यांचा देशातला पहिला लिलाव २०२५ च्या मार्चमध्ये गोव्यात सुरू झाला. जानेवारी २०२५ मध्ये १६,३०० कोटींचे राष्ट्रीय क्रिटिकल मिनरल मिशनही मंजूर झाले आहे. ही पावले योग्य दिशेने आहेत असे मला मनापासून वाटते. ती भाव पडल्यावरही चालू राहतात का, यावर सगळे अवलंबून आहे.

रियासीच्या लिथियमचे काय झाले?

फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मूच्या रियासी जिल्ह्यात ५९ लाख टन लिथियम सापडल्याची बातमी आली आणि सगळीकडे जल्लोष झाला. तो आकडा शुद्ध लिथियमचा नव्हता, लिथियम असलेल्या खनिजाचा होता, आणि तोही जी-३ पातळीवरचा, म्हणजे प्राथमिक अंदाजाचा. जी-४ ते जी-१ अशी ही शिडी आहे, जी-१ वर साठा नक्की ठरतो. लिलावाला पुरेशा बोली आल्या नाहीत आणि तो रद्द करावा लागला. कोणताही नवा साठा जाहीर झाला की आधी पातळी कोणती ते विचारा.

महाराष्ट्राचा या सगळ्याशी काय संबंध?

नागपूर हे देशातल्या खनिजशोधाचे एक मोठे केंद्र आहे. भारतीय खाण ब्युरो, शोधासाठी ड्रिलिंग करणारी सरकारी कंपनी एमईसीएल आणि मँगनीज काढणारी मॉइल या तिघांची मुख्यालये तिथे आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागाचे कार्यालय आणि राज्याचे भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयही तिथेच. अर्जेंटिनात लिथियमचे पाच पट्टे घेतलेल्या काबिल या सरकारी कंपनीत एमईसीएलचाही वाटा आहे. विदर्भातल्या भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना जगाच्या या आकड्यांशी नाते जोडायला फार लांब जावे लागत नाही.

पुढच्या वर्षीची बातमी आली की काय पाहायचे?

टोरांटोत मार्चच्या सुरुवातीला खनिजशोधाची जगातली सर्वांत मोठी परिषद भरते, तेव्हा हे आकडे चर्चेत येतात. एकूण बेरजेवर थांबू नका. कोऱ्या जमिनीचा हिस्सा किती टक्के आहे ते आधी शोधा, मग तांब्याचे बजेट आणि ज्युनिअर कंपन्यांनी उभा केलेला पैसा. ऑक्टोबर २०२५ मध्ये सोन्याने औंसाला ४,००० डॉलर ओलांडले, त्यामुळे बेरीज वाढलेली दिसण्याची शक्यता बरीच आहे. ती वाढ जुन्याच सोन्याच्या खाणींभोवती गेली की नव्या डोंगरांत, हे त्या टक्केवारीवरून कळेल.